हेडलाइट लागत नाही? बल्ब आणण्याआधी करंट कुठे अडलाय ते शोधा

शहरात हेडलाइट गेल्याचं लवकर लक्षात येत नाही. रस्त्यावर दिवे असतात, आजूबाजूच्या गाड्यांचा उजेड असतो आणि एका दिव्यावरही जंगली महाराज रस्ता सहज पार होतो. कळतं ते कात्रजच्या जुन्या घाटात, नाहीतर ताम्हिणीतून अंधार पडल्यावर परतताना. रस्त्याची एक कड दिसेनाशी होते. त्याहून वाईट म्हणजे समोरून येणाऱ्याला तुमची कार दुचाकी वाटते आणि तो दुचाकीपुरतीच जागा सोडतो. म्हणून नव्याने गाडी घेतलेल्या प्रत्येकाला एवढं तरी आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं: दिवा का लागत नाही हे स्वतः शोधणं. दुरुस्ती भले दुसऱ्याकडून करून घ्या.

सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या. दिवा बंद दिसला की लगेच बल्ब आणायला धावू नका. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूज, रिले (छोट्या करंटवर चालणारा आपोआप स्विच), स्विच, वायर आणि कप्लर (बल्बच्या मागे बसणारा वायरींचा प्लग) असा प्रवास करत बल्बपर्यंत येतो आणि तिथून अर्थिंगमार्गे, म्हणजे गाडीच्या बॉडीच्या पत्र्यातून, परत बॅटरीला मिळतो. यात कुठेही खंड पडला की दिवा बंद. नवा बल्ब लावूनही अंधारच राहिला तर पैसे जातात आणि खरा दोष तसाच राहतो. कधीकधी बल्ब हलवताना सैल कप्लर तात्पुरता जुळतो, दिवा लागतो, आपण खूश होतो आणि चार दिवसांनी पुन्हा तेच.

काय जवळ असावं

एक साधा डिजिटल मल्टीमीटर. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तो सहज मिळतो आणि या कामाला सगळ्यात स्वस्तातलाही चालतो. सोबत १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, म्हणजे तारा जोडलेला छोटा तपासणीचा दिवा, असेल तर फारच उत्तम, का ते पुढे सांगतो. वेगवेगळ्या अँपिअरचे चार-सहा फ्यूज, स्वच्छ सुती कापड, टॉर्च आणि गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक. हे पुस्तक बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतच पडून असतं. फ्यूजचा नकाशा आणि बल्बचा नंबर त्यातच आहे, ते आज बाहेर काढा. बल्ब, होल्डर, रिले वगैरेसाठी नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं आहेत. जाताना जुना बल्ब सोबत न्या, म्हणजे नंबराचा घोळ होत नाही.

काहीही उघडताना किंवा बदलताना इंजिन बंद, चावी काढलेली; दिवे लावून बघायचे किंवा मोजायचे तेवढ्यापुरतंच चालू. हॅलोजन बल्बची काच पेटलेली असताना शेकडो अंशांपर्यंत तापते, त्यामुळे दिवा बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हात तिथून लांब ठेवा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी वायरींना कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही. पांढरा-निळसर झगमगीत उजेड देणारे झेनॉन दिवे असतील तर त्यांच्या बॅलास्टमधून (दाब वाढवणाऱ्या डबीतून) दिवा पेटवताना २० हजार व्होल्टच्या आसपास दाब निघतो. ते काम जाणकारावरच सोपवा.

पहिली पायरी: भिंतीसमोर गाडी उभी करा आणि नीट बघा

सोसायटीच्या पार्किंगमधल्या भिंतीपासून तीन-चार पावलांवर गाडी उभी करा. इंजिन चालू ठेवा. एकेक दिवा लावा आणि भिंतीवर काय दिसतं ते कागदावर लिहा: पार्किंग लाइट, डिपर (जवळचा, खाली पडणारा उजेड), अप्पर (लांबचा उजेड), इंडिकेटर, डीआरएल (दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे), डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी. हे दहा मिनिटांचं काम पुढचा तासभर वाचवतं, कारण दोष कुठे आहे हे बऱ्याचदा बिघाडाच्या आकारावरूनच कळतं.

एकाच बाजूचा डिपर गेला आणि बाकी सगळं ठीक असेल, तर दोष त्या बाजूच्या बल्बमध्ये, होल्डरमध्ये किंवा त्या बाजूच्या फ्यूजमध्ये असण्याची शक्यता सर्वांत जास्त. अनेक गाड्यांत डाव्या-उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज असतात, ते मुद्दामच, म्हणजे एक उडाला तरी दुसरा दिवा चालू राहतो.

दोन्ही बाजूंचे डिपर एकदम गेले आणि अप्पर चालू आहेत, तर दोन्ही बल्ब एकाच क्षणी उडाले असं सहसा होत नाही. तिथे रिले, स्विचची दांडी किंवा दोघांना मिळून असलेला फ्यूज तपासा. फक्त एक अपवाद ध्यानात ठेवा: एक बल्ब महिनाभर आधीच गेलेला असतो आणि आपल्याला कळतं ते दुसरा गेल्यावर.

एका बाजूचा डिपर, पार्किंग आणि इंडिकेटर असं सगळंच मंद किंवा विचित्र वागतंय, इंडिकेटर दिला की पार्किंग लाइटही लुकलुकतो, तर दुसरीकडे न शोधता त्या बाजूचं अर्थिंग बघा.

दिवे लागतात पण पिवळट, आणि अॅक्सिलरेटर दिला की उजळतात. हे बॅटरी किंवा ती चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या बिघाडाचं लक्षण. मल्टीमीटर बॅटरीला लावा. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर चार्जिंग कमी-जास्त करतो, तेव्हा आकडा थोडा हलला म्हणून घाबरू नका. पण इंजिन चालू असूनही १२ च्या आसपासच अडकला असेल तर हेडलाइट उघडण्यात अर्थ नाही, आधी चार्जिंग बघा. उलट आकडा १५ च्या वर जात असेल तर वारंवार बल्ब उडण्याचं कारण तेच. हॅलोजन बल्बला ५ टक्के जास्त व्होल्टेज सतत मिळालं की त्याचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं.

दुसरी पायरी: फ्यूज

फ्यूजचे डबे बहुधा दोन असतात, एक बॉनेटखाली बॅटरीजवळ आणि दुसरा डॅशबोर्डखाली. झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो, आणि फ्यूज उपसायचा छोटा प्लॅस्टिकचा चिमटाही बऱ्याचदा तिथेच खोचलेला सापडतो. रंग सगळीकडे सारखे: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा.

फ्यूज न काढताही तपासता येतो. त्याच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. दिवा चालू ठेवून मल्टीमीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावा आणि लाल तार आळीपाळीने दोन्ही ठिपक्यांना. दोन्हीकडे १२ च्या आसपास आला तर फ्यूज ठीक. एकाच बाजूला आला तर उडालेला. दोन्हीकडे शून्य असेल तर करंट फ्यूजपर्यंतच पोचत नाही, म्हणजे दोष त्याच्याही मागे आहे.

उडालेला फ्यूज त्याच अँपिअरच्या फ्यूजने बदला. १० च्या जागी २० लावू नका, वायर गुंडाळणं तर लांबच राहिलं. फ्यूजचं काम वायर जळण्याआधी स्वतः जळण्याचं आहे. मोठा फ्यूज घातलात तर शॉर्ट झाल्यावर इन्सुलेशन वितळेल, आणि बॉनेटखाली आग लागायला तेवढं पुरतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर तिसरा लावून बघत बसू नका. कुठेतरी वायर सोलली गेली आहे, ती आधी शोधायची.

पुण्यात तसं शोधताना सर्वांत आधी उंदरांचा संशय घ्या. बेसमेंट पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर, घुशी येऊन वायरी कुरतडतात, आणि पावसाळ्यात तर फारच. हेडलाइटच्या मागे, बॅटरीच्या ट्रेखाली आणि पुढच्या बंपरच्या आत टॉर्च मारून बघा. काळ्या लेंड्या, कुरतडलेलं इन्सुलेशन, कापसासारखं ओढून आणलेलं स्पंज दिसलं की चोर सापडला. तिथली वायर नुसत्या टेपने गुंडाळू नका. तुटलेला भाग कापून त्याच जाडीची वायर सोल्डर करा आणि वर हीट-श्रिंक नळी चढवा. टेप पुढच्या जुलैत सुटते.

तिसरी पायरी: बल्ब

आपल्याकडच्या हॅलोजनवाल्या गाड्यांत दोन प्रकार जास्त दिसतात. एच-४ मध्ये एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, अप्परचं ६० वॅटचं आणि डिपरचं ५५ वॅटचं, आणि मागे तीन पिना. म्हणून एच-४ चा डिपर जाऊन अप्पर चालू राहू शकतो, आणि तरी बल्ब बदलावाच लागतो. एच-७ मध्ये एकच ५५ वॅटचं फिलामेंट आणि दोन पिना. अशा गाडीत डिपर-अप्परचे बल्ब वेगळे असतात.

कप्लर ओढताना वायर धरून ओढू नका, प्लॅस्टिकची बॉडी धरा. रबरी टोपी काढा, तारेची क्लिप कशी बसवली आहे याचा मोबाइलवर फोटो घ्या आणि मगच सोडवा. बल्ब बाहेर काढून उजेडात धरा. फिलामेंट तुटलेलं दिसेल, किंवा काच आतून काळी-चंदेरी झालेली असेल. डोळ्यांना नीट दिसलं नाही तर मल्टीमीटर ओहमवर ठेवून पिनांना लावा. चांगलं फिलामेंट थंड असताना एका ओहमच्याही खाली दाखवतं, तुटलेलं काहीच दाखवत नाही.

नवा बल्ब काचेला हात न लावता बसवा. बोटाचं तेल काचेवर राहिलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब अवेळी जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून कोरडा करा. बल्बच्या कड्याला जे कान असतात ते खाचांत नीट बसले पाहिजेत, नाहीतर प्रकाश वर फेकला जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. एक बल्ब जुना होऊन गेला असेल तर दोन्ही बदललेले बरे, कारण दुसऱ्याचंही तेवढंच वय झालेलं असतं.

इथे थोडं थांबून वॅटबद्दल बोलायला हवं. दुकानात ‘साहेब, १००/९० टाका, घाटात मस्त दिसतं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील. हिशोब करा. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो. १०० वॅटचा आठच्या वर, दोन्ही मिळून सोळाच्या वर. गाडीची वायर, स्विच आणि होल्डर यातल्या कशाचीच रचना तेवढ्यासाठी केलेली नसते. होल्डर तपकिरी पडतो, वितळतो, पिना सैल होतात, सैल पिना आणखी तापतात. ‘वर्षाला दोन बल्ब जातात’ अशी तक्रार असलेल्या गाडीत मी आधी होल्डर बघतो. तो जळका निघाला तर सिरॅमिकचा नवा बसवा आणि बल्ब ६०/५५ वरच आणा.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालण्याच्या बाबतीतही माझं मत ठाम आहे: घालू नका. रिफ्लेक्टरची वक्रता फिलामेंटच्या जागेवर बेतलेली असते. एलईडीचा उजेड त्या बिंदूतून येत नाही, म्हणून तो इतस्ततः फेकला जातो. तुम्हाला समोरचे दहा मीटर लख्ख दिसतात, लांबचं कमीच दिसतं, आणि सातारा रस्त्यावर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काहीच दिसत नाही. वाहनाच्या दिव्यांच्या चाचण्या आपल्याच पुण्यात, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत होतात. दिवा आणि बल्ब मिळून एक जोडी म्हणून मंजूर होते. त्यातलं एक बदललं की त्या मंजुरीला अर्थ राहत नाही, आणि वाहनातल्या फेरबदलांबाबतचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ही आहेच. शिवाय काही गाड्यांचा कॉम्प्युटर दिव्याला करंट तुकड्यातुकड्यांनी देतो. त्यावर स्वस्त एलईडी लुकलुकतात किंवा ‘बल्ब गेला’ असा इशारा डॅशबोर्डवर येतो. दोष शोधताना असा बल्ब आधी काढून मूळचा हॅलोजन लावून बघा. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

चौथी पायरी: कप्लरवर करंट येतो का

बल्ब चांगला आहे आणि तरी लागत नाही, तर आता खरं शोधकाम. बल्बवरून काढलेल्या कप्लरमध्ये मल्टीमीटरच्या तारा लावा आणि दुसऱ्या कोणाला तरी दिवे लावायला सांगा. १२ व्होल्ट आले तर मार्ग मोकळा वाटतो. वाटतो म्हणतोय, कारण इथेच नवशिके फसतात. मल्टीमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. दहा तारांपैकी नऊ तुटलेल्या आणि एकाच धाग्यावर लटकलेल्या वायरमध्येही तो १२ दाखवेल. नळ बंद असताना तुंबलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण दिसतो, तोटी उघडली की धार येत नाही, तसंच हे. म्हणून टेस्ट लॅम्प लावा. तो करंट ओढतो, आणि मिणमिणला तर वायर किंवा अर्थिंग कमजोर आहे हे लगेच कळतं.

आणखी अचूक पद्धत म्हणजे बल्ब जोडलेला आणि दिवा चालू असताना मोजणं. कप्लरच्या मागून बारीक टोक आत सरकवून लाल तार बल्बच्या अर्थच्या वायरला आणि काळी तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंग खराब. तसंच पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या पॉझिटिव्ह पिनेपर्यंत मोजा. हा क्षुल्लक वाटणारा फरक उजेडात फार मोठा असतो. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड सुमारे ३० टक्के घटतो. ‘माझ्या गाडीचे लाइट मुळातच मंद आहेत’ म्हणणाऱ्या अनेकांच्या गाडीत काहीही बदलायची गरज नसते, फक्त अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट करायचा असतो.

तो बोल्ट शोधा. हेडलाइटच्या मागे, पुढच्या पत्र्यावर, काळी किंवा तपकिरी वायर जिथे टोकाच्या गोल धातूच्या कडीने, म्हणजे थिंबलने, बॉडीला बसवलेली असते तिथे. पावसाळ्यानंतर त्यावर गंज किंवा हिरवट-पांढरी भुकटी दिसते. बोल्ट सोडवा, थिंबल आणि पत्रा दोन्ही एमरी पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

एक गोष्ट गोंधळात टाकते ती आत्ताच सांगून ठेवतो. काही गाड्यांत, विशेषतः जपानी घराण्यातल्या, बल्बला पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच अर्थची बाजू जोडतो-तोडतो. अशा एच-४ कप्लरमध्ये बॉडीच्या अर्थशी मोजलं तर दिवा बंद असतानाही १२ व्होल्ट दिसतात. म्हणून कप्लरच्या दोन पिनांमध्येच मोजा, बॉडीशी नको.

कप्लरवर काहीच येत नसेल तर मागे सरकत जा. फ्यूज तपासून झालेला आहे, तेव्हा रिले. फ्यूजच्या डब्यात हेडलाइटच्या रिलेसारखाच, तोच नंबर छापलेला दुसरा रिले असतो, बऱ्याचदा हॉर्नचा. दोघांची अदलाबदल करा. दिवा लागला आणि हॉर्न बंद पडला, तर उत्तर मिळालं. रिलेची टिकटिक ऐकू येते पण दिवा लागत नाही, असंही होतं. आतले कॉन्टॅक्ट जळलेले असतात. पण अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइटला वेगळा रिलेच नसतो, काम बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे वगैरे सांभाळणारा गाडीचा कॉम्प्युटर, करतं. त्यात कुठे शॉर्ट झाला की मॉड्यूल ती लाइन स्वतःहून बंद करतं, आणि दोष दुरुस्त केल्यावरही चावी बंद-चालू करेपर्यंत किंवा स्कॅनरने कोड पुसेपर्यंत ती बंदच राहते. वायर दुरुस्त करूनही दिवा आला नाही म्हणून निराश होण्याआधी हे करून बघा.

स्टिअरिंगखालच्या दांडीवर संशय असेल तर ती हळूच वर-खाली हलवा. दिवा लुकलुकला तर आतला स्विच झिजलाय. मात्र स्टिअरिंगची कव्हरं स्वतः उघडू नका. तिथेच एअरबॅगच्या पिवळ्या वायरी आहेत. हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनकडे द्या.

डीआरएल: आधी बिघाड आहे का तेच ठरवा

दिवसा लागणाऱ्या या दिव्यांच्या बाबतीत ‘बंद पडलेत’ म्हणून आलेल्या तक्रारींपैकी कित्येक मुळात तक्रारीच नसतात. युरोपात नव्या कारना हे दिवे फेब्रुवारी २०११ पासून सक्तीचे झाले. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे आपोआप चालू राहू लागले, कारमध्ये मात्र डीआरएल असणं-नसणं मॉडेलवर अवलंबून आहे. त्यामुळे ते कधी लागतात, कधी विझतात याचे नियम प्रत्येक कंपनीचे निराळे.

सर्वसाधारणपणे इंजिन सुरू झाल्यावरच ते लागतात. काही गाड्यांत हॅंडब्रेक सोडल्याशिवाय लागत नाहीत. हेडलाइट लावली की ते विझतात किंवा मंद होतात. इंडिकेटर दिला की त्या बाजूचा डीआरएल मंद होतो, म्हणजे इंडिकेटर उठून दिसावा. काही मॉडेलमध्ये स्क्रीनवरच्या सेटिंगमधून ते बंदही करता येतात, आणि सर्व्हिसिंगमध्ये कुणाच्या तरी हातून तसं झालेलं असू शकतं.

ऑटो हेडलाइटवाल्या गाडीत आणखी एक फसवं कारण आहे. बेसमेंटच्या अंधारात सेन्सर हेडलाइट लावतो, डीआरएल मंद होतो आणि आपल्याला वाटतं तो गेला. गाडी उन्हात आणून बघा. उन्हातही तसंच असेल तर डॅशबोर्डच्या वर, काचेजवळचा सेन्सर कशाने झाकलाय का पाहा. गणपतीची मूर्ती, देवाच्या फोटोखालचं कापड, पार्किंगचा पास यातलं काहीही पुरतं.

इतकं पाहूनही एक बाजू बंदच असेल तर सोपी कसोटी आहे. अनेक गाड्यांत एकच एलईडी पट्टी दिवसा पूर्ण तेजात डीआरएल म्हणून आणि रात्री मंद होऊन पार्किंग लाइट म्हणून चालते. पार्किंग लाइट लावा. पट्टी मंद का होईना पेटली तर एलईडी जिवंत आहेत आणि दोष बहुधा डीआरएलच्या फ्यूजमध्ये, वायरमध्ये किंवा मॉड्यूलमध्ये आहे. दोन्ही वेळी अंधार असेल तर कप्लर, पट्टीचा ड्रायव्हर (तिला बेताचा करंट देणारं सर्किट) किंवा स्वतः पट्टी. पट्टीतले दोन-चारच ठिपके विझले असतील तर वायरिंग निर्दोष आहे, आतली एलईडीची मालिका गेलीय.

एलईडी पट्टीवर ओहम मोजून काही कळत नाही, आत ड्रायव्हरचं सर्किट असतं. कप्लरवर पुरवठा मोजा. पूर्ण तेजात १२ ते १४ व्होल्ट दिसतील, मंद असताना सहा-आठ असा अर्धवट आकडा आला तरी गोंधळू नका. करंट तुकड्यांनी दिला की मल्टीमीटर सरासरी दाखवतो. पुरवठा ठीक आणि पट्टी बंद, तर बहुतेक गाड्यांत पूर्ण हेडलाइटच बदलावी लागते आणि ती महाग असते. म्हणून वॉरंटी शिल्लक असेल तर काहीही उघडण्याआधी सर्व्हिस सेंटरला जा.

जुन्या मॉडेलमध्ये डीआरएलसाठी साधा बल्ब असतो, कधी २१ आणि ५ वॅटच्या दोन फिलामेंटचा. तिथे एक फिलामेंट जाऊन दुसरं चालू राहतं, एच-४ सारखंच.

आणि बाहेरून बसवलेल्या पट्ट्या. अॅक्सेसरीच्या दुकानात तासाभरात बसतात आणि पहिल्या दोन पावसांत त्रास द्यायला लागतात, कारण वायर चावून धरणारे स्वस्त जोड वापरलेले असतात आणि त्यात पाणी शिरतं. गाडीचा मूळ दिवा बंद पडला तर अशा पट्टीचा जोड आधी सोडवून बघा. बसवायचीच असेल तर वायर न कापता फ्यूजच्या डब्यातून, स्वतःचा वेगळा फ्यूज घालून जोडणी करायला लावा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. डीआरएल चालू म्हणजे दिवे चालू नव्हेत. बहुतेक गाड्यांत त्यांच्यासोबत मागचे दिवे लागत नाहीत. धो-धो पावसात सिंहगड रस्त्यावर किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यात समोर उजेड दिसतो म्हणून लोक निवांत असतात, आणि मागून त्यांची गाडी पूर्ण काळी असते. नियमही सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासापासून आणि उजेड अपुरा असेल तेव्हा केव्हाही दिवे लावायला सांगतो. पाऊस आला की हाताने हेडलाइट लावा.

काचेतलं पाणी आणि फोकस

पावसाळ्यात हेडलाइटच्या काचेवर आतून हलकी वाफ धरते आणि दिवा तासभर चालू ठेवला की जाते. हे चालतं, हवा खेळायला छिद्रं ठेवलेली असतात. पण थेंब ओघळत असतील, तळाशी पाणी साठलं असेल, तर मागची रबरी टोपी निसटली आहे किंवा काचेला तडा गेलाय. तसंच चालवलं तर रिफ्लेक्टरचा चकाकता थर निघून जातो आणि मग नवा बल्बही उपयोगाचा नाही. काच बाहेरून पिवळी पडली असेल तर ते उन्हाचं काम. ८०० पासून ३००० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने पाणी घालत घासून, वर अतिनील किरणं अडवणारा लेप द्यावा लागतो. लेपाशिवाय काही महिन्यांत पुन्हा तेच.

बल्ब बदलल्यावर फोकस तपासा. सपाट जागी, टायरमध्ये हवा नीट, ड्रायव्हरच्या जागी कोणीतरी बसलेलं आणि डॅशबोर्डवरची फोकसची चकती शून्यावर. भिंतीपासून ५ मीटरवर गाडी. भिंतीवर हेडलाइटच्या मध्याच्या उंचीला खूण करा. डिपरची वरची कड त्या खुणेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी, आणि डाव्या बाजूला किंचित वर चढलेली. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावी कड जास्त दिसावी अशी ती रचना असते. उजवीकडे चढलेली दिसली तर तो दिवा उजवीकडून वाहतूक असलेल्या देशासाठी बनलेला आहे, तो परत करा.

इलेक्ट्रिशियनकडे गेलात तर

नुसतं ‘लाइट लागत नाही’ म्हणू नका. ‘दादा, डाव्या बाजूचा डिपर जातोय. फ्यूज ठीक आहे, बल्ब बदलून पाहिला, कप्लरवर १२ येतोय पण टेस्ट लॅम्प मिणमिणतो’ असं सांगा. तो सरळ अर्थिंगकडे जाईल, आणि ‘पूर्ण वायरिंग बदलावी लागेल’ हे वाक्य ऐकावं लागण्याची शक्यता बरीच कमी होईल. काढलेले जुने भाग परत मागा.

रात्री घाटातच गेला तर

डिपर गेला आणि अप्पर चालू असेल तर वळणावर नव्हे, सरळ आणि रुंद जागी, रस्त्याच्या पूर्ण बाहेर गाडी घ्या. हझार्ड लावा, रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे लांबवर ठेवा आणि सगळ्यांना रस्त्यापासून दूर उभं करा. सर्वांत आधी फ्यूज बघा. डिपरचा उडाला असेल आणि जादा फ्यूज जवळ नसेल, तर त्याच अँपिअरचा एखादा बिनगरजेचा, म्हणजे म्युझिक सिस्टीमचा किंवा चार्जिंग सॉकेटचा, काढून तिथे लावता येतो. फॉग लॅम्प असतील तर ते आणि पार्किंग लाइट यांवर हळू हळू जवळच्या ढाब्यापर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत जाता येतं, त्यापुढे नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण अंधार असेल तर मोबाइलच्या टॉर्चवर किंवा पुढच्या ट्रकच्या मागे लागून घाट उतरायचा विचारही करू नका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा, अन्यत्र ११२. आणि एच-४ किंवा एच-७, जो तुमच्या गाडीचा असेल तो एक बल्ब, कापडात गुंडाळून, फ्यूजसोबत डॅशबोर्डच्या कप्प्यात कायमचा ठेवा.